तेहतिसावा दिवा

"सर, तेहतीस नंबरवाली आली की एक नंबरवालीची हजेरी आपोआप कशी काय लागते?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, 'विचारून दाखव सरांना!' आणि सगळे जिला बडबडी म्हणत, तिने भर वर्गात विचारलंसुद्धा. मागच्या बाकावर खसखस पिकली. कॉम्प्युटरच्या सरांनी चष्मा वर सरकवला.

"यंत्र चुकत नाही, माणसं चुकतात. हजेरी तुझी आईच भरते ना?"

हे मात्र जिव्हारी लागलं. आई याच शाळेत कारकून. हजेरीचं वेब पान बनवलं बडबडीने, स्पर्धेलाही तेच जाणार. पण आठवडाभर आजारी असलेली एक नंबरवाली त्यात रोज हजर दिसली, म्हणून मेमो मिळाला तो आईला!

मधल्या सुट्टीत डबाही न उघडता तिने कॉम्प्युटरची खोली गाठली. हिशोब साधा होता. प्रत्येक मुलीचा एक दिवा. आली की पेटवायचा. पहिल्या दिव्याचा आकडा १. कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत तिने हे आधी लिहिलं होतं, तिथे त्या एकाला बत्तीस घरं पुढे सरकवलं की तेहतिसावा दिवा लागायचा. उत्तर ४२९४९६७२९६. तीच ओळ तिने वेब पानाच्या भाषेत चालवली.

उत्तर १.

"एक? अगं बये, एक?"

पुन्हा चालवली. एकच. या भाषेकडे अशा कामाला दिवे मोजून बत्तीस! तेहतिसावा मागितला की गुपचूप पहिलाच लावायचा, वर हूं की चूं नाही. निदान चूक झाली असं ओरड तरी ना, मेले!

मग तिचा हात थांबला. ओळ तिनेच जशीच्या तशी उचलून इकडे डकवली होती. आणि तपासताना नावं घातली होती जेमतेम दहा.

संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं. आई इस्त्री करत होती.

"मेमो गेला फायलीत. अठरा वर्षांत पहिलाच," आई म्हणाली. "तू स्पर्धेचं बघ. कशाला पायावर धोंडा मारून घेतेस?"

"आईचं बरोबर आहे," बाबा पुटपुटले.

"काय बरोबर आहे, बाबा? काय?"

आईची इस्त्री एकाच बाहीवरून चौथ्यांदा फिरली.

"माझं ठरलंय. उद्या मोठ्या बाईंना सांगणार, चूक माझी आहे. स्पर्धेतून नाव काढायचं तर काढा, पण आधी आईचा मेमो फाडा."