तळातून गेलेलं धान

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे, धान साठवायची बांबूची कोठी. ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यात धुरपताबाईच्या ओसरीत माझं आयुष्य गेलं. तुम्हाला जे सांगणार आहे, त्याची मला अजून लाज वाटते.

ही एकोणीसशे पंचावन्न सालची गोष्ट. मुलांना राखून ठेवायची आणि वेळ पाहून विकायची सवय लागावी, असं नानाजी गुरुजींच्या मनात आलं. गावानं साथ दिली. कापणीनंतर शेतात पडलेल्या लोंब्या, म्हणजे सरवा, त्या वर्षी फक्त मुलांनी वेचायच्या. धान माझ्यात ठेवायचं आणि जेठ महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, भाव चढला की विकायचं. राखणीला धुरपताबाई, कारण ती एकटी आणि उपासतापासाची, दुसऱ्याच्या दाण्याला हात न लावणारी.

मला विणताना कोलू बुरूड म्हणाला होता, "गुरुजी, आता चांदणं हाय. अंधाऱ्या पाखात बांबू तोडू, नाईतर घुण लागते." पण सरवा सुरू झाला होता, मुलांचा उत्साह थंड होईल म्हणून गुरुजींनी घाई केली. शेणामातीनं लिंपून, गेरूचे पट्टे ओढून मला उभं केलं.

ज्यानं जितक्या टोपल्या टाकल्या, तितक्या गाठी त्याच्या दोरीला. सगळ्यात जास्त गाठी बुधरीच्या होत्या. तिला पाचवीसाठी ब्रह्मपुरीला जायचं होतं, आणि पुस्तकांची सोय तू कर, असं बापानं सांगितलं होतं.

शेजारच्या गावचे लोक मला बघायला येत. मी फुगून गेले. तळाशी घुण, बांबू पोखरणारा किडा, माझ्या कामट्या म्हणजे बांबूच्या पट्ट्या कुरतडत होता, उंदरांनी खालून वाट केली होती. मला कळत होतं. पण वरून सारवलेलं होतं ना, मी दिसायला छानच होते.

जेठात झाकण काढलं, तर धान निम्मंही नव्हतं. बुधरी आपली दोरी मुठीत धरून उभी राहिली. सगळे धुरपताबाईकडे बघू लागले.

गर्दीतला लटारू म्हणाला, "बाई, उपास लय करते तू. मंग चूल रोज काऊन पेटते?"

कोणी हसलं. मला तोंड असतं तर, मित्रांनो!

धुरपताबाई वळली. आत गेली आणि पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं घेऊन आली. "पोरीची शाळा नाई बुडाली पायजे," एवढंच म्हणाली आणि सगळं माझ्यात ओतलं.

घुणानं पोखरलेला माझा तळ तेवढ्या भारानं फुटला. तिचं धान माझ्या पोटातून खाली, सरळ उंदराच्या बिळात जाऊ लागलं. सगळ्यांनी पाहिलं. लटारूनं मान खाली घातली आणि गुडघ्यावर बसून एकेक दाणा वेचायला लागला. संध्याकाळपर्यंत घराघरांतून धानाची सुपं आली. धुरपताबाईचं बियाणं आणि मुलांचं धान भरून निघालं, बुधरी ब्रह्मपुरीला गेली.

कोलूनं अंधाऱ्या पाखातल्या कामट्यांनी मला नवा तळ बसवला. पण धुरपताबाईनं राखण पुन्हा घेतली नाही. रोज माझ्यासमोर झाडायची, मला मात्र हात लावायची नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, जे साठवाल त्याचा तळ दर महिन्याला चाचपून बघा. आणि कमी भरलं, तर राखणाऱ्याच्या तोंडाकडे बघण्याआधी माझ्याखाली वाकून बघा.