परसरामचा आक्षेप

चिखल्याच्या खाणकामगार वसाहतीत दर रविवारी सकाळी आठ वाजता आमची बैठक भरते. ज्याला जे गाणे, जे पुस्तक अथवा जे भाषण आयुष्यात उपयोगी पडले असेल, ते त्याने आणावे आणि त्यामुळे आपल्यात काय पालटले ते सांगावे, असा प्रघात आहे. त्याला मी एक नियम जोडला : ऐकणाऱ्या प्रत्येकाने निदान एक आक्षेप घ्यावा. नुसत्या माना डोलावून कोणी शहाणा होत नाही, असे माझे मत होते व आहे. खाणीच्या कचेरीत मी तीस वर्षे हजेरी लिहिली. नियमातली सूट मला खपत नाही.

हा नियम पहिल्याच रविवारी परसरामवर उलटला. परसराम हा भूगर्भात ड्रिल चालवून निवृत्त झालेला माझा समवयस्क. गेल्या वर्षीच्या तापात त्याचे कान गेले होते, पण हे त्याने आम्हांला कळू दिले नव्हते. इतर हसले की तोही हसे. त्या रविवारी माझ्या पुतणीने, रक्षाने, मोबाइलवर एका शेतकरी बाईंचे भाषण ऐकवले. आक्षेपाची पाळी फिरत त्याच्यापाशी आली. सगळे आपल्याकडे पाहत आहेत, हे ताडून तो म्हणाला, "बाई गाते बढिया."

हशा पिकला. चाल कोणती होती, असे कोणीतरी विचारले. सर्वांत मोठ्याने मी हसलो.

पुढचे दोन रविवार त्याची जागा रिकामी राहिली. नियमभंगाचा जाब विचारायला मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या पत्नीने, निर्मलाबाईंनी, दारातच खरे काय ते सांगितले.

"बाबूजी, खाणीत छप्पर ठोकून पाहत, तं भक्कम आहे का पोकळ, हे त्यायले तळहातावर समजे. मानसाचं बोलनं कसं समजन?"

आता ते कुठेच जाणार नाहीत, असेही त्या म्हणाल्या; घराबाहेर पडण्यासारखी आठवड्यातली तेवढी एकच जागा होती.

परसराम बैठकीत बसेल आणि आक्षेपही घेईल, असे मी तिथल्या तिथे ठरवले. त्यासाठी ते भाषण कागदावर उतरवणे प्राप्त होते. भाषण हे वाङ्मय नव्हे, हे मी त्याच बैठकीत अनेकवार प्रतिपादिले होते, तरीही बसलो. सतरा मिनिटांच्या भाषणाला तीन सकाळी लागल्या. बाईंची वाक्ये मला सैल वाटली, म्हणून ती आवळली. क्रियापदे जागच्या जागी बसवली. मग पाने रक्षाला तपासायला दिली.

"काका, याच्यात बाई कुठं आहे?" ती म्हणाली. "सगळं तुम्हीच बोलून राहिले."

गद्याला शिस्त हवी, या मुद्द्यावर मी अर्धा तास वाद घातला. तिने मोबाइल पुन्हा लावला. भाताच्या रोवणीचे यंत्र पहिल्यांदा चालवायला बसल्या, तेव्हा सारे गाव बांधावर जमले होते, असे बाई सांगत होत्या, "मंग मी पहिले सँडल काढून फेकली." माझ्या पानावर त्या जागी 'पादत्राणांचा त्याग केला' असे होते.

मी पाने फाडली. बाई जशा बोलल्या तसे, ठळक अक्षरांत, पुन्हा लिहिले. शुक्रवारी ती पाने परसरामच्या हाती दिली. वर चिठ्ठी जोडली होती : 'मी हसलो, ही माझी चूक. रविवारी आक्षेप घेऊन या.'

रविवारी तो आला. पाने गुंडाळून हातात धरली होती. बसण्यापूर्वीच, स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसे बोलतात तशा चढ्या स्वरात, त्याने सुरुवात केली.

"नवीन शिकल्यानंच मानूस वाढते म्हणते हे बाई. मी एकच ड्रिल सव्वीस वर्षं शिकत राहिलो, तरी पुरी नाही आली. तं मी वाढलो नाही का?"

कोणी हसले नाही. इतरांनी माझ्याकडे पाहिले, कारण माझ्यापाशी उत्तर असणार, हे त्यांना ठाऊक होते. ते होतेही. मी ते तीन वाक्यांत लिहून कागद त्याच्यापुढे सरकवला. परसरामने तो दोनदा वाचला, ठामपणे नकारार्थी मान हलवली आणि माझ्या हातातले पेन मागून घेतले.