एकच पत्ता, दोन साखळ्या

मी धुळाप्पाच्या दुकानातला पुठ्ठा बोलतोय. अंगावर काळ्या-पांढऱ्या चौकटी आहेत. माणसं फोन समोर धरतात, मी पैसे पाठवायचा पत्ता सांगतो. जास्त बोलायची मला सवय नाही.

माझा जन्म ह्याच गावचा, चिटगुप्प्याचा. धुळाप्पाची मुलगी रेणू कलबुर्गीत संगणकाचं काम करते. क्रिप्टो नाणी देण्या-घेण्याचा एक सामायिक नियम तयार होतोय, त्यावर ती काम करते. तिनं मला छापलं, प्लास्टिकात घातलं आणि बापाच्या घोंगड्यांच्या दुकानात टांगलं.

"ह्याला खायला काय घालायचं?" तिची आई पद्माबाई म्हणाली.

"काही न्हाई गं. नुसता टांगायचा."

"मग तुझ्या अप्पापेक्षा स्वस्त हाय."

अप्पा हसला नाही. तो हसत नाही.

पण मी त्याच्याकडे नवलानं बघत असे. कन्नड गिऱ्हाईक आलं की हा कन्नड बोले, पुढच्याशी दखनी, त्याच्या पुढच्याशी मराठी. मला एकच बोली येत होती. त्याला कसं जमतं?

दुकानाची एक रीत आहे. सौदा पटला की धुळाप्पा स्वतः घोंगडं गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकतो. एकदा टाकलं की काढत नाही. काढणं म्हणजे 'तू खोटा' असं तोंडावर म्हणणं.

एके दिवशी चिंताकी गावच्या नरसिंगचा मुलगा रत्नपाल आला. परदेशात नोकरी, पगार क्रिप्टो नाण्यात. बापासाठी घोंगडं हवं होतं.

"जय भीम, काका."

धुळाप्पानं मान हलवली. घोंगडं पसंत पडलं. रत्नपालनं माझ्यासमोर फोन धरला, बटण दाबलं. "गेले बघा."

धुळाप्पानं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. मग स्वतःचा फोन बघितला. पुन्हा बघितला.

"आलं न्हाई."

"पोचलं म्हणून लिहिलंय की, काका."

"कुणाकडं पोचलं? माझ्याकडं न्हाई."

"मी खोटं बोलायलोय व्हय?"

धुळाप्पानं हात पुढे केला आणि घोंगडं खांद्यावरून काढून घेतलं.

"अहो, काय करायलात!" पद्माबाई ओरडली. तिनंच रेणूला फोन लावला आणि रत्नपालच्या हातात दिला. रेणूनं त्याला दोनचार प्रश्न विचारले, मग बापाला बोलावलं.

"अप्पा, पैसे आलेत. दुसऱ्या ब्लॉकचेनवर. तुमचा फोन एकीकडंच बघायलाय."

तेव्हा मला माझी गोष्ट कळली. ब्लॉकचेन म्हणजे पुष्कळ संगणकांनी मिळून ठेवलेली नोंदींची साखळी. अशा साखळ्या बऱ्याच आहेत. माझ्यावरचा पत्ता त्यातल्या दोन साखळ्यांवर चालतो, पैसे काढायची गुप्त किल्लीही तीच. पण कुठल्या साखळीवर पाठवायचं, ते मी सांगतच नव्हतो. माझ्या अंगावर ते लिहिलेलं नव्हतं.

रेणूनं सांगितलं तसं रत्नपालनं धुळाप्पाच्या फोनात दुसरी साखळी जोडून दिली. पैसे दिसले.

धुळाप्पानं घोंगडं उचललं. रत्नपाल एक पाऊल मागे सरला.

"हातात द्या, काका."

"हातात देत न्हाई मी."

"मग खुंटीला टांगा," पद्माबाई म्हणाली. "तुमचा ताठा टांगायला तीच एक जागा उरलीय."

मग रत्नपाल म्हणाला, "घोंगडं बाबांचं हाय. चिंताकीला या आन् त्यांच्याच खांद्यावर टाका."

"येतो."

रविवारी धुळाप्पा घोंगडं घेऊन बसनं गेला. त्याच दिवशी रेणूनं नवा पुठ्ठा आणला. तो फोनला रेणूच्या संगणकाशी जोडतो आणि आधी आपल्याला चालणाऱ्या सगळ्या साखळ्या सांगतो. समोरचा फोन स्वतःच्या सांगतो. दोघांना चालेल ती ठरते, मगच पैसे निघतात. जमत नसेल तर तो आधीच नाही म्हणतो. शहाणा आहे. त्याला वाक येऊ नये म्हणून मला त्याच्या पाठीशी चिकटवलंय. आता मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

माझं तुम्हाला एकच मागणं आहे. पैसा दिसला नाही, तर माणसाला खोटं ठरवू नका. आपण कुठं कुठं बघितलं, ते आधी तपासा.

त्या रविवारी दिवेलागणीला चपला वाजल्या. पद्माबाईनं ताट मांडल्याचा आवाज आला.

"वाढू का?"

"न्हाई," धुळाप्पा म्हणाला. "नरसिंगच्यात जेवून आलो."