भाकरीच्या आवाजाला बक्षीस

धम्मपालला एका सिनेमाच्या ध्वनिसंकलनाचा पुरस्कार मिळाला, पण अभिनंदन नेमकं कशाबद्दल करायचं, हे कोपरखैरण्यातल्या त्याच्या सोसायटीत कुणालाच कळेना. पोरगा पडद्यावर दिसत नाही, गाणं म्हणत नाही, मग बक्षीस कशाचं? सेक्रेटरी सितारामनं तर ठोकूनच दिलं, "लाउडस्पीकरचं काम असेल!" आता घ्या! अशा माणसाला काय सांगणार, कपाळ?

धम्मपालच्या बापाला, किसनला, मात्र सगळं ठाऊक होतं. सिनेमातली नटी भाकरी थापताना दिसते, पण तिला कुठली यायला भाकरी! तो थापण्याचा आवाज धम्मपालच्या आईचा, चांगुणाबाईचा. दिवसभर वाशीच्या मार्केटात कांदा निवडायचा आणि घरी आल्या आल्या परात पुढ्यात ओढायची, असा तिचा तीस वर्षांचा नेम. गेल्या साली आठ दिवस धम्मपालनं त्या परातीशी माइक धरला होता. "आई, नुसती थाप, बोलू नकोस." पण ती गप्प बसेल तर शपथ! दर भाकरीला हात थांबवून, आणखी हवी का, ते ती किसनला विचारायचीच.

सहा महिन्यांपूर्वी तिला ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. बाई हातची गेली. तेव्हापासून किसन जेवायला बसला की अर्धी भाकरी ताटात तशीच राहायची.

धम्मपालनं ट्रॉफी आणून बापाच्या पुढ्यात ठेवली. किसननं ती बाजूला सारली.

"ह्ये राहू दे. मला तिचं बोलणं ऐकव. आठ दिवस माइक धरून बसला व्हतास, कायतरी बोललीच असंल की."

बोलली होती, खूप बोलली होती. पण नको तो आवाज काढून टाकायचा, हेच तर धम्मपालचं काम. आईचा शब्द न् शब्द त्यानं स्वतःच्या हातानं कापला होता. कापलेल्या जागी त्याच स्वयंपाकघराची शांतता जोडली होती, इतकी बेमालूम की परीक्षकांनी त्याचीच वाहवा केली. सिनेमा पुरा झाल्यावर मूळ फायलीही पुसून टाकल्या होत्या, कॉम्प्युटरमध्ये जागा हवी म्हणून. आणि फोनवर शोधावं, तर ती माउली नुसते मिसकॉल द्यायची. आग लागो असल्या हुशारीला!

हे बापाला सांगायला त्याची जीभ उचलेना. त्यानं हेडफोन किसनच्या कानाला लावला आणि सिनेमातला भाकरी थापण्याचा तुकडा सुरू केला. एक हेडफोन स्वतःच्याही कानाला लावला.

थप, थप, थप. बांगड्यांची किणकिण. किसनचा चेहरा उजळला. "तीच हाय," तो पुटपुटला.

मग थापणं थांबलं. दोन सेकंद काहीच नाही. इथं काय होतं, ते धम्मपालला पक्कं आठवत होतं: "आनिक एक टाकू का?" त्यानंच ते कापलं होतं. आता बाप विचारणार, 'बोलणं कुठाय?' म्हणून त्यानं मान खाली घातली.

पण कानाला हेडफोन असला की माणूस बोलतो तसा किसन मोठ्यानं म्हणाला, "नगं आता, बास झाल्या. तू बस जेवायला."

थापणं पुन्हा सुरू झालं आणि संपलं. किसननं हेडफोन काढला नाही. परत लाव, अशी त्यानं पोराला हातानं खूण केली.