बोटांना कळेल इतकी ऊब

दुकानवालीने काउंटरवर हातमोज्यांचे जोड मांडले आणि विचारलं, "काम काय करता?"

"काच जोडते."

"खिडक्यांची?"

"नाही. केसाएवढी असते."

दुकानवालीने तिच्याकडे पाहिलं, मग मोज्यांकडे. "मग यातलं काहीच चालणार नाही," ती म्हणाली, आणि हातचं गिऱ्हाईक जातंय हे ध्यानात येताच पुस्ती जोडली, "पण घालून बघायला काय जातंय?"

काच जोडणारीने दोन जोड निवडले. एक अस्तर लावलेला चामड्याचा, दुसरा बोटांबरोबर बसणारा पातळ. चामड्याचा घालून काउंटरवरची टाचणी उचलायला गेली तर टाचणी पुढे पळत राहिली. पातळ घालून ती पहिल्याच खेपेला उचलली, पण तो इतका पातळ होता की दार उघडून कुणी आत आलं तर वारा सरळ बोटांना लागत होता. तरी तिने दोन्ही घेतले. घरी नीट पारखून बघितल्याशिवाय कशालाही चांगलं-वाईट म्हणायचं नाही, ही तिची जुनी खोड.

तिचं काम फायबरच्या केबली जोडण्याचं. रस्ता खोदणारं यंत्र कुठेतरी केबल तोडतं, वस्तीचे फोन बंद पडतात, मग कंपनीची गाडी तिला आणि मामाला तिथे नेते. मामा तसा कुणाचाच मामा नव्हता. गाडी चालवायची, चेंबरचं झाकण उचलायचं, केबलचं जाड आवरण सोलायचं आणि दिवसभर बोलायचं, ही त्याची कामं. बारीक काम तिच्याकडे. आतल्या काचेच्या धाग्यावर रंगीत लेप असतो. तो सोलणीने काढायचा, काच पुसायची, टोक सरळ कापायचं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन ठिणगी पाडतं आणि दोन्ही वितळून एक होतात. मग आधीच धाग्यात ओवून ठेवलेली नळी जोडावर सरकवून तापवायची, म्हणजे ती आवळून बसते आणि उघडी काच झाकली जाते. नळी ओवायला जो विसरेल त्याला चांगला झालेला जोड तोडून पुन्हा करावा लागतो, शिवाय सगळ्यांना चहा पाजावा लागतो. तिच्यावर ती पाळी कधी आली नव्हती. "तुझ्याबरोबर काम म्हणजे नुसता उपास," असं मामा म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यापासून तिची बोटं पांढरी पडू लागली होती. आधी तर्जनी, मग मधलं बोट. खडूसारखी पांढरी, आणि पेराशी रेघ मारावी तशी सीमा. दुखत नव्हती. काहीच होत नव्हतं, अडचण तीच होती. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या थंडीला जरा जास्तच घाबरतात, जिवाला धोका नाही, ऊब ठेवा, थंडीतलं बाहेरचं काम सुटलं तर उत्तम. शेवटचं वाक्य तिने डॉक्टरांच्याच टेबलावर ठेवलं आणि ती निघून आली.

कारण बाहेरचं काम सुटलं की माणूस कंपनीच्या तक्रारखोलीत जाई. कानाला हेडफोन, समोर पडदा, आणि दिवसभर लोकांची बोलणी. साहेब प्रत्येकाला सांगत, "थंडीपुरतंच." पण थंडी सरेपर्यंत त्याच्या मशीनवर दुसरा कुणीतरी बसलेला असे, आणि आत गेलेला जोडारी परत बाहेर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिला मोकळ्या हवेची फार हौस होती अशातला भाग नाही. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं जवळ येतात, उजेड चमकतो आणि मग जोड कुठे होता हे शोधूनही सापडत नाही. ते सोडायला ती तयार नव्हती. म्हणून बोटांचं ती कंपनीत कुणालाच बोलली नव्हती. मामालाही नाही.

घरी मात्र लपून राहिलं नाही. अक्काने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने, भांडी घासताना तिची बोटं पाहिली आणि दोन दिवस धुसफुसत दुहेरी लोकरीचे करडे हातमोजे विणून काढले. बोटांच्या टोकांना जुन्या पर्सचं मऊ चामडंही शिवलं.

"हे घालायचे. नाही घातलेस तर माझ्याशी बोलू नकोस."

"मग मीही नाही घालत," नवरा म्हणाला.

"तुला विणलेत कुणी?"

त्या दिवशी सकाळपासून तिने अक्काचेच मोजे घातले होते. शाळेच्या भिंतीलगतची केबल तुटली होती आणि चेंबरच्या कडेला पाणी गोठून बर्फ झालेलं. मोज्यांनी काम सावकाश झालं, चिमटा जास्त वापरावा लागला, पण बोटं संध्याकाळपर्यंत गुलाबी राहिली. मशीनने एकही जोड नापास केला नाही. टेस्टिंगही पहिल्या फटक्यात साफ आलं. मामाने जोड ठेवलेला डबा बंद केला, सील केला, चेंबरमध्ये उतरवला. आता याहून थोडे पातळ मोजे मिळाले की वेगही येईल, एवढ्याच विचाराने ती दुकानात शिरली होती.

जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसलं, दिवा जवळ ओढला, भिंग काढलं. कामावरून आणलेले टाकाऊ धाग्यांचे तुकडे आणि थोड्या नळ्या एका डबीत होत्या. प्रत्येक तुकड्याचा मधला लेप तिने सोलून ठेवला. मग एकेक मोजा घालून गॅलरीत जायचं, कठड्यावर हात ठेवून थंडी बोटांत उतरेपर्यंत थांबायचं, तिथेच डोळे मिटून नळी सरकवायची आणि आत येऊन भिंगाखाली बघायचं.

"डोळे कशाला मिटायचे?" नवऱ्याने विचारलं.

"नळी पारदर्शक, काच पारदर्शक. चेंबरमध्ये वाकल्यावर आपलीच सावली पडते. दिसत नाहीच. बोटाला कळतं. लेप संपतो तिथे बारीक पायरी लागते. दोन्हीकडच्या पायऱ्या नळीखाली गेल्या पाहिजेत."

"आणि नाही गेल्या तर?"

"काच उघडी राहते."

"ही बाई गॅलरीत डोळे मिटून उभी राहते," अक्का म्हणाली. "समोरच्यांना वाटेल आपण हिला घराबाहेर काढलंय."

पातळ मोज्याने पहिल्यांदा नळी बरोबर बसली. पुढच्या वेळीही. नंतर मात्र बोटं पांढरी पडली आणि नळी एका बाजूला गेली. उघड्या हाताने तर त्याहून लवकर. हे तिला नवीन होतं. उघडा हात सगळ्यात जाणता, असं तिने गृहीत धरलं होतं. पण बधिर झालेलं बोट म्हणजे कातडीचाच जाड मोजा. चामड्याचे मोजे तिने एकदाच वापरून बाजूला ठेवले.

मग अक्काचे घातले. बोटं गरम, हात निवांत. नळी सरकवली, आत आली, भिंग लावलं. एका टोकाला तांदळाच्या कणीएवढी काच उघडी होती. दुसरा तुकडा घेतला. बरोबर. तिसरा. पुन्हा उघडी, या वेळी दुसऱ्या बाजूला. मोजा घातल्यावर तिला पायरी लागतच नव्हती. पायरी लागल्यासारखं फक्त वाटत होतं. ती तुकडे घेत राहिली, संपेपर्यंत. सगळ्यांत मिळून उघडे फार नव्हते. पण होते.

तिने मोजे काढून टेबलावर ठेवले.

"आज दिवसभर हेच होते हातात," ती म्हणाली.

नवऱ्याला समजायला क्षणभर लागला. "पण टेस्टिंग झालं ना? पास झालं म्हणालीस."

"उजेड जोडातून जातो. तो आज जाईलच. उघडी काच ओल धरते. डबा हलला, चेंबरवरून गाड्या गेल्या की एखाद दिवशी तडकते. आज नाही, उद्या नाही. आणि तडकली की कुणाला कळतही नाही का तडकली."

"माझ्या मोज्यांवर खापर फोडू नकोस हं," अक्का म्हणाली.

"मोज्यांचं काम ऊब देणं. ते त्यांनी केलं."

"मग उद्या गुपचूप जाऊन नीट करून ये. मामा आहेच की सोबत."

"चालू लाइन तोडावी लागते, अक्का. साहेबांच्या परवानगीशिवाय डबा उघडता येत नाही. आणि साहेब विचारणार, का उघडायचा."

यापुढे काय, हे तिघांनाही कळत होतं. अक्काने मोजे उचलले, उलटसुलट करून पाहिले, चामड्याच्या टोकावर अंगठा फिरवला. "कुणी विचारलं नसताना सांगायचं," ती म्हणाली, "आणि पायावर धोंडा पाडून घ्यायचा. बरं, तुला सांगून उपयोग आहे का? तू काही झोपणार नाहीस. सांगून टाक."

सकाळी तिने आधी मामाला सांगितलं. गाडी सुरू करता करता तो थांबला.

"किती दिवस चाललंय हे?"

"गेल्या वर्षापासून."

"आणि मी आपला दिवसभर तोंडाची टकळी चालवतोय, तुला एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्ही मधे श्वास घेतलात तर सांगणार ना."

मामा हसला नाही. त्याने गाडी कंपनीच्या दारात नेऊन उभी केली.

साहेब टेबलावर चहाचा कप गोल फिरवत ऐकत राहिले. ते स्वतः पूर्वी जोडारी होते. पायरी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "खात्री आहे?"

"नाही. शक्यता आहे. उघडल्याशिवाय खात्री होणार नाही."

"टेस्टिंग साफ आहे, बाई. तुम्ही बोलला नसतात तर हे कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"हो."

ते उठले आणि कोट चढवला. "चला, बघूया."

चेंबरपाशी मामाने ताडपत्री बांधून वारा अडवला. डबा वर आला, सील कापलं. तिने भिंग लावून एकेक नळी पाहिली. बराच वेळ काहीच सापडलं नाही आणि तिला वाटलं, आपण उगाच स्वतःच्या हाताने काम घालवलं. मग निळ्या धाग्यावर नळी सरकलेली दिसली. खालच्या थरात आणखी दोन.

साहेबांनी वाकून पाहिलं. "हं," एवढंच म्हणाले, आणि फोन करून लाइन बंद ठेवायला सांगितली.

तिने पातळ मोजे घातले होते आणि त्यावरून अक्काचे. सोलणं, पुसणं, कापणं दोन्ही घालूनच केलं. फक्त नळी सरकवताना वरचे काढले. पहिला जोड झाला. दुसराही. तिसऱ्या वेळी वरचा मोजा निघाला आणि पातळ मोज्याच्या आत बोट हळूहळू हरवत गेलं. ती थांबली. हात काखेत घालून उभी राहिली. मामाने न विचारता इंजिनावर तापलेली गोणपाटाची घडी आणून तिच्या हातांवर टाकली. साहेब घड्याळाकडे न बघता उभे राहिले; पण ते मोजतायत हे तिला कळत होतं.

"दाखवा," ते म्हणाले.

तिने मोजा काढला. मधल्या पेरापासून पुढे बोट खडूसारखं होतं. साहेबांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

"असं थांबत थांबत दिवसाला किती होणार?"

"निम्मे."

"चुकणार नाहीत?"

"बोटाला कळत असेल तेव्हाच सरकवलं तर नाही."

"निम्म्यावर मला टोळी चालवता येत नाही. सोमवारपासून वर तक्रारखोलीत. डॉक्टरांचा कागद आणा. थंडीपुरतं—" त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. तिच्यासमोर ते पूर्ण करणं त्यांनाही जमलं नाही. "थंडी सरली की मी स्वतः बघीन. शब्द देत नाही."

"नका देऊ," ती म्हणाली.

मामा काहीतरी बोलायला पुढे झाला. तिने मान हलवून त्याला थांबवलं.

"हा एक राहिलाय. तो करून जाऊ?"

"करा."

तिने गोणपाट बाजूला केलं. बोटाच्या टोकाशी मुंग्या येऊ लागल्या होत्या, मग रक्त परतताना होते ती आग. ती पूर्ण येऊ दिली. मग पातळ मोजा चढवला, धागा धरला, आणि नळी दोन बोटांत घेऊन सावकाश सरकवू लागली. एक पायरी लागली. ती तिथे जरा थांबली, पुढे सरकली, दुसरी लागली. नळी तापून आवळल्यावर तिने भिंग साहेबांच्या हातात दिलं.

त्यांनी दोन्ही टोकं पाहिली आणि भिंग परत केलं. मामाने डबा बंद करायला घेतला.