ई-ए-आरची चिठ्ठी

शनिवारी दुपारी चहाचे कप अजून उचललेही नव्हते, तेवढ्यात टकळीनं पत्र्याचा डबा आणून टेबलावर आदळला.

“आज सुटका नाही,” ती म्हणाली. “चार दिवस झाले. रोज तुमची नवी सबब, घसा दुखतोय, डोकं दुखतंय, ऑफिसचं काम आहे. परवा माझी परीक्षा आहे मामा, तुमची नाही.”

टकळी म्हणजे मामांची सख्खी भाची. नाव वेगळं आहे, पण बोलायला लागली त्या दिवसापासून तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नाही म्हणून टकळी. दहाव्या वर्षी बहिणीनं तिला शिकायला भावाकडे पाठवली, ती इथलीच झाली. मामा शब्दकोशाच्या कचेरीत संपादक. गल्लीत त्यांना डिक्शनरी म्हणतात, तोंडावरसुद्धा. ते रागावत नाहीत, उलट मनातून सुखावतात. माणूस साधा, पण शब्दाचा चुकीचा अर्थ कानावर पडला की अंगावर पाल पडल्यागत दचकणार. एकदा डॉक्टर त्यांची छाती तपासत होते, तर यांनी पडल्यापडल्या डॉक्टरांचा एक शब्द दुरुस्त केला. मामींनी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता.

डबा त्यांच्या खेळाचा. आत चाळीसेक चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर इंग्रजीची तीन अक्षरं, आणि मागच्या बाजूला ती तीन अक्षरं त्याच क्रमानं पोटात घेऊन बसलेले दहा शब्द. अर्थ कुठेही लिहिलेला नाही, अर्थ डोक्यात हवा. चिठ्ठी काढायची, शब्द वाचायचा, अर्थ सांगायचा. चुकला तो भांडी घासणार. आणि एक नियम मामांचा स्वतःचा: चुकीचा अर्थ टेबलावर ठेवून कुणी उठायचं नाही. दुरुस्त करायचा, मगच खुर्ची मागे सरकवायची. अकरा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता. पाहुणे आले तरी नाही, जेवण गार झालं तरी नाही.

या खेळाच्या जोरावरच टकळीनं ठरवलं होतं, दुभाषी व्हायचं. संस्था एकच, जागा तीस, परीक्षा वर्षातून एकदा. गेल्या वर्षी दोन गुणांनी जागा गेली. फक्त दोन! आठवडाभर ही पोरगी बोलली नव्हती, तेव्हा घरात कसं भयाण वाटलं ते मामींना विचारा. आणि पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडणार, म्हणजे सोमवारची परीक्षा हीच शेवटची. लागली तर लागली, नाहीतर संपलं.

आता यात मामांचं काय बिनसलं होतं? तर त्या परीक्षेच्या पेपरातला शब्दांचा विभाग यंदा मामांनी काढला होता.

संस्थेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी सरळ विचारलं होतं, घरात भाची परीक्षेला बसते आहे, चालेल का? कारकुनानं फॉर्म पुढे सरकवला. मुलगा, मुलगी, पती, पत्नी, भाऊ, बहीण. “भाचीचा रकाना नाही साहेब. सही करा.” मामांनी केली. भल्या माणसाची हीच गोची असते, रकाना नाही म्हटलं की त्याला वाटतं प्रश्नच नाही. वर मान मिळाला होता, तोही सोडवत नव्हता. खोटं कशाला बोला?

मग तीन दिवस कुलूपबंद खोलीत. फोन दारावर जमा, कागद मोजून आत, मोजून बाहेर. दोन संच काढायचे, एक मुख्य, एक राखीव. उतारे झाले, वाक्यं झाली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एकच प्रश्न उरला: समान अक्षरांचे दहा शब्द, अर्थासह. डोळे चुरचुरत होते, बाकीचे जायच्या घाईत होते. मामांनी पेन उचललं आणि भरभर दहा शब्द लिहिले. राखीव संचासाठी आणखी दहा. कुणीतरी म्हणालंसुद्धा, “वा, कोशच आहात तुम्ही!” लिफाफे लाखेनं बंद झाले. मामा खूश होऊन घरी आले. पेपर काढायला गेले होते एवढं घरात ठाऊक होतं, आतलं काही नाही.

आल्यापासून खेळ मात्र टाळत होते. नको ती भानगड, तोंडून काही निसटायला नको, एवढाच विचार. पण आज टकळीसमोर घसाही चालेना आणि डोकंही चालेना. त्यांनी मनाशी हिशोब केला, चाळीस चिठ्ठ्या आहेत, चार-पाच काढेल, तेवढ्यात पेपरातला शब्द कशाला येतोय?

पहिल्या तीन चिठ्ठ्या निर्धोक गेल्या. मामांचे खांदे जरा खाली आले. मामीही स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन बसल्या.

चौथी चिठ्ठी टकळीनं उलगडली. “ई-ए-आर! ही माझी पहिली चिठ्ठी मामा, बघा अक्षर कसं कोंबडीच्या पायांचं आहे.” तिनं ती उलटली आणि वाचायला लागली. “पर्ल, मोती. सर्च, शोध. हार्ट, हृदय. बिअर्ड, दाढी. लर्न, शिकणं. कानाला तीन तऱ्हा, कागदावर सगळ्यांच्या पोटात एकच इअर, म्हणजे कान.”

मामांनी हातातला कप खाली ठेवला.

पर्ल, सर्च, हार्ट, बिअर्ड, लर्न. हे शब्द त्यांनी त्या बंद खोलीत लिहिले होते. याच क्रमानं! त्यांना वाटलं होतं आपण आठवून आठवून काढतोय. कसलं आठवून! अकरा वर्षं या टेबलावर ऐकलेली ओळ हातानं जशीच्या तशी उतरवली होती. पेपर त्यांनी काढलाच नव्हता. तो या डब्यातून आला होता.

“हार्थ, घरातली शेकोटीची जागा. अर्नेस्ट, मनापासून करणारा. विअरी, दमलेला. रिहर्स, सराव करणं.” टकळी थांबली. दहावा शब्द गेल्या महिन्यात मामांनीच कोपऱ्यात वाढवलेला, अजून खेळात आला नव्हता. “यर्न. हा सोपा आहे. अर्न म्हणजे कमावणं, तर यर्न म्हणजे खूप कमावणं.”

चूक होतं. साफ चूक. यर्न म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी जीव तुटणं. एका शब्दाला दोन गुण, आणि गेल्या वर्षी दोनच गुण कमी पडले होते.

मामांनी सांगावं तर पेपर फोडला. न सांगावं तर या घरात पहिल्यांदाच चुकीचा अर्थ टेबलावर राहतोय, तो का, हे पोरीला कळल्याशिवाय राहणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“बरोबर ना?” टकळी म्हणाली.

मामांनी रिकामे कप एकात एक रचायला घेतले.

“मामा, बरोबर की चूक?”

“अहो, सांगा की तिला,” मामी म्हणाल्या. “भांडी घासायची आहेत कुणाला तरी.”

“मला... जरा बाहेर जायचंय,” असं म्हणून मामांनी खुर्ची मागे सरकवली.

बस्स. तेवढंच पुरलं. टकळी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या हातातली चिठ्ठी हळूहळू खाली आली आणि चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. एवढी बडबडी पोर, पण पुढचं वाक्य तिनं अगदी हळू उच्चारलं.

“ही चिठ्ठी पेपरात आहे.”

मामा परत खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, बंद खोली, दमलेला हात, ओळ जशीच्या तशी. “मी मुद्दाम नाही गं केलं. देवाशपथ मुद्दाम नाही केलं.”

“मग झालं तर,” मामी पुढे सरकून म्हणाल्या. “मुद्दाम नाही ना? पोरीनं चोरी केली का? लहानपणापासून पाठ आहेत तिला हे शब्द. सोमवारी जाईल, लिहील, येईल. आपण तिघंच आहोत इथे. भिंतींना सांगायला जाणार आहात का?”

“बाकीच्या पोरांचं काय?” मामा म्हणाले.

“बाकीच्या पोरांना मी नाही वाढवलं!” मामींचे डोळे भरून आले. “तुमच्या बहिणीला तोंड कसं दाखवणार आहात? विश्वासानं पोर टाकलीय आपल्या पदरात.”

खरं सांगायचं तर मामांना मामींचं पटत होतं. फार पटत होतं. दोन दिवस गप्प बसायचं, एवढंच काम. त्यांनी टकळीकडे पाहिलं, वाटलं ही काहीतरी म्हणेल. ती चिठ्ठीची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

“राखीव संच असतो ना?” ती शेवटी म्हणाली. “तो लावा म्हणावं. मग मीही बसेन, तेही बसतील. कुणाचंच नुकसान नाही.”

मामांचा चेहरा एकदम उजळला. खरंच की! हे आपल्याला कसं सुचलं नाही? ते फोनकडे निघाले, दोन पावलं गेले, आणि तिसऱ्या पावलाला थांबले. राखीव संचातले दहा शब्द कुठले लिहिले होते? परत येऊन त्यांनी डबा टेबलावर उपडा केला आणि चिठ्ठ्या चाळायला लागले. सहावी की सातवी चिठ्ठी त्यांच्या बोटांत अडकली. ती त्यांनी उलटली, वरून खालपर्यंत वाचली आणि मुठीत दाबून धरली.

“तोही?” टकळीनं विचारलं.

“तोही.”

घरात आता काही झाकायला उरलं नव्हतं. राखीव संच लावला तर तो बाकी सगळ्यांना नवा होता, एकटी टकळी सोडून. तिच्यासाठी दोन्ही पेपर फुटलेले. मुठीत धरलेल्या त्या चिठ्ठीबद्दल एक शब्द न बोलता फोन करता आला असता, संस्थेला कळलंही नसतं. मामांच्या मनात ते आलं. आलं म्हणजे चांगलं ठाण मांडून बसलं. फोन उचलून क्रमांक फिरवेपर्यंत ते तिथेच होतं.

परीक्षाप्रमुख बाई शनिवारी दुपारीही कचेरीतच होत्या. मामांनी मुख्य संचाचं सांगितलं. शब्द घरच्या खेळातले निघाले, आज लक्षात आलं, संच बदलावा. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग एवढंच विचारलं, “घरात उमेदवार आहे?”

“भाची आहे. मी आधीच सांगितलं होतं, पण फॉर्मात...”

“फॉर्मचं राहू द्या. राखीव संचातले शब्दही तुम्हीच काढलेत. ते कुठले?”

मामांनी उत्तर द्यायला श्वास घेतला. “ते... ते मी तिथेच... म्हणजे तसे साधेच...” तीस वर्षं शब्दांवर जगलेला माणूस, आणि एक सरळ वाक्य जुळेना. मामी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मानेनं खुणावत होत्या, नाही म्हणा, नाही म्हणा.

“तेही डब्यातलेच आहेत,” टकळी म्हणाली.

ती कधी उठून फोनला कान लावून शेजारी उभी राहिली ते मामांना कळलंच नव्हतं. तिनं त्यांच्या हातून फोन घेतला. “मी भाची बोलतेय. दोन्ही संचांतले शब्द मला पाठ आहेत, आणि आता ते पेपरात आहेत हेही मला माहीत आहे.”

पलीकडून बाई बराच वेळ बोलल्या. टकळी “हो” म्हणाली, मग “कळलं” म्हणाली, मग पुन्हा “हो” म्हणाली. एकदाच विचारलं, “बाकीच्यांची परीक्षा होईल ना वेळेवर?” आणि फोन ठेवला.

“राखीव संच लावणार आहेत. माझं नाव यादीतून काढलं. तुमची चौकशी होईल, पण स्वतःहून कळवलंत याची नोंद करणार म्हणाल्या.”

“का बोललीस गं?” मामी रडू आवरत म्हणाल्या. “ते बोलत होते ना? का मध्ये पडलीस?”

“ते बोलत नव्हते मामी. तो आवाज ऐकलास ना? मामांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला नाही ऐकवला.” एवढं म्हणेपर्यंत तिचा स्वतःचा आवाज फुटला. ती खुर्चीत बसली आणि हुंदके देऊन रडली, लहान पोरासारखी, नाक ओढत. “वर्षभर अभ्यास केला मी! डब्याशिवाय केला. ग्रंथालयातली पुस्तकं संपवली. दोन गुण काय, वीस गुण जास्त पडले असते माझे. ते दहा शब्द नसते ना मामा, तरी लागले असते मी. राग येतोय मला तुमचा. खूप राग येतोय.”

“येऊ दे,” मामा म्हणाले. “येऊ दे.” त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण धीर होईना. हात अर्ध्यावरून परत आला. अपराध्यासारखे ते नुसते उभे राहिले. आणि मग त्यांना आठवलं, बहिणीला सांगायचं आहे. ती रोज चार वाजता फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला, अभ्यास झाला का? घड्याळात चारला दहा मिनिटं कमी होती. दहा मिनिटांत असं कुठलं वाक्य तयार करणार, जे सख्ख्या बहिणीला ऐकवता येईल? त्यांनी दोन-तीनदा मनात जुळवून पाहिलं. प्रत्येक वेळी सुरुवात ‘मी’नं होत होती आणि पुढे जात नव्हती.

फोन चारला पाच कमी असतानाच वाजला. मामांनी हात पुढे केला, पण टकळी आधी पोचली. तिनं ओढणीनं नाक पुसलं, घसा खाकरला आणि मामांकडे पाठ केली.

“हां आई. नाही, बरी आहे. नाही गं, सर्दी झालीय थोडी. ऐक, एक सांगायचंय.” तिनं पुन्हा नाक पुसलं. “पण आधी एक कबूल कर. मामांना तू एक शब्दही बोलणार नाहीस. आधी कबूल कर, मग सांगते.”