कोणीतरी थांबायला हवं

आधीच सांगून टाकते, या सगळ्या प्रकारात मी फारशी चांगली वागलेली नाही. एक बरी गोष्ट केली, तीही तोंड वाकडं करून. घरात माझ्या रागाची ख्याती आहे, त्यामुळे याचं कोणाला नवल वाटणार नाही.

अठ्ठावीस वर्षं मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवते. हिमनदी कशी सरकते, तिच्या घासण्याने दरीला यू अक्षराचा आकार कसा येतो, हे फळ्यावर काढून काढून माझा हात बसला आहे. प्रत्यक्षात मात्र मी हिमालय कधी पाहिला नव्हता. आमच्या ह्यांना थंडी सोसत नाही, म्हणून दर सुट्टीत आम्ही उकाड्यातून उठून दुसऱ्या उकाड्यात जायचो. त्यामुळे यंदा पुतण्याने, शेखरने, मे महिन्यात हिमाचलातली दोन नॅशनल पार्क ठरवली, तेव्हा मी एवढी हरखले की दोन महिने रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढले. आणि चढत होते हे सगळ्या गावाला सांगितलंसुद्धा.

शेखर सिन्नरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि घरही कारखान्यासारखंच चालवायला बघतो. त्याने जाहीर केलं, "या वेळी सगळे. तेराच्या तेरा. आई आली नाही तर मीपण नाही."

त्याची आई म्हणजे माझी थोरली जाऊ, मैनाअक्का. दिंडोरीजवळ मळ्यातल्या घरात राहतात. द्राक्षबागेचं घर असं एकदम बंद करून निघता येत नाही. गाई असतात, औषध मारायचं असतं, वीज कधीही येते आणि ती आली की मोटर चालू करावी लागते. कोणीतरी थांबायला हवं. ते कोणीतरी म्हणजे अक्का, हे इतकं ठरून गेलं होतं की त्यावर कधी बोलणंसुद्धा होत नसे. माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. आम्ही कन्याकुमारीला गेलो, राजस्थानात गेलो, गणपतीपुळ्याला तर चारदा गेलो. अक्का दशम्या बांधून द्यायच्या, गाडीपाशी येऊन उभ्या राहायच्या, आणि आम्ही परतलो की पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायच्या. कुठं उतरलात, काय खाल्लं, पाणी गार होतं का, समुद्र केवढा होता. इतक्या मन लावून ऐकायच्या की आम्हाला वाटायचं, यांची सहल यातच होते.

या वेळी शेखरने त्यांच्या भावालाच विंचूरहून मळ्यावर राहायला बोलावलं, त्यामुळे अक्कांची सबब संपली. त्या तयार झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, सांगून टाकलं, "मलाबी बर्फ बघायचाय." वय एक्क्याऐंशी. त्यांना नाही म्हणण्याची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे सतरा सीटांची गाडी. गाडीत आम्ही चौदा आणि अक्कांचे पाच डबे. घाट लागला तशा आत्याबाई पिवळ्या पडल्या. पहिल्या पार्काला आम्ही पोचलो तेव्हा त्यांना डोकं वर करवेना. खीरगंगाच्या बाजूला, तोष गावाच्या पुढे जंगलातून थोडं चालून यायचं होतं. शेखरने घड्याळ बघितलं, आत्याबाईंकडे बघितलं, आणि तो काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "जा तुम्ही. मी बसते यांच्यापाशी."

आम्ही गेलो. देवदाराची झाडं पाहिली, मी तिथेही खडकांवर एक छोटं व्याख्यान दिलं, सगळ्यांनी ते सहन केलं. पण धुकं होतं आणि शिखरं काही दिसली नाहीत. परत आलो तर अक्का आत्याबाईंचे पाय चेपत बसल्या होत्या. मान वर करून म्हणाल्या, "कसं होतं गं?" मी सांगितलं. सांगताना मला काहीही वाटलं नाही, हेही इथे कबूल करते.

दुसरं पार्क तीर्थन खोऱ्यातलं, ग्रेट हिमालयन. तिथे नदीकाठी एका घरगुती हॉटेलात उतरलो. तिथला गाईड म्हणाला, पार्काच्या हद्दीत चार तास चढलं की एक कुरण लागतं, आकाश मोकळं असलं तर तिथून बर्फाची अख्खी रांग समोर दिसते, हिमनदीसुद्धा. मी लगेच कागदावर हिमनदी काढून सगळ्यांना दाखवली. संध्याकाळी शेखरने उद्याची यादी वाचली. साडेपाचला चहा, सहाला निघायचं, पार्काच्या परवान्यावर बारा नावं. "आजी आणि आई थांबतील," तो शेवटी म्हणाला. आवाज जरा खाली आला होता त्याचा. मुलगा वाईट नाही; त्याने आईसाठी सगळा घाट घातला होता, पण आजीपाशी दुसरं कोण, हे त्यालाही सुचत नव्हतं. अक्कांनी मान हलवली आणि विचारलं, "सोबत काय देऊ बांधून?"

मी चपला शोधायला ओसरीवर गेले. तिथे चौदा जोड ओळीने मांडलेले. त्यात अक्कांचे नवे बूट होते, शेखरने पाडव्याला आणलेले, जांभळे. नवे कसले, टाचा घासलेल्या. आणि शिवणीत निळा रंग बसला होता. मोरचुदाचा तो रंग मी ओळखते. बागेत औषध मारलं की सगळ्यांच्या कपड्यांना लागतो आणि मग जात नाही.

शेखरची बायको, पूजा, तिथेच कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "पूजा, अक्का हे बूट घालून बागेत काम करतात का गं?"

ती हसली. "काम कुठलं, काकू. महिनाभर रोज सकाळी द्राक्षाच्या ओळींमधून चालत होत्या. दहा दहा चकरा. बूट चावू नयेत आणि दम लागू नये म्हणून. मला म्हणाल्या, कोणाला सांगू नको, हसतील."

माझ्या पायऱ्यांचा डंका मी अख्ख्या नाशकात पिटला होता. या बाईने तेवढीच तयारी केली होती आणि लोक हसतील म्हणून लपवली होती. मला राग आला. आधी शेखरचा, मग आत्याबाईंचा, मग थंडीला भिणाऱ्या माझ्या नवऱ्याचा. सगळ्यांवर रागावून झाल्यावर जे माणूस उरलं ते मीच होते. एकतीस वर्षांत एकदा तरी मी म्हटलं होतं का, की या वेळी मी थांबते?

आणि तरी सांगते, त्या क्षणीसुद्धा मला वर जायचंच होतं. हात जोडून कोणी थांबवलं असतं तरी मी ऐकलं नसतं, इतकं जायचं होतं.

सकाळी साडेपाचला सगळे चहाला जमले तेव्हा मी गुडघा धरून बसले. "माझा गुडघा धरलाय. मी नाही येत. अक्का जातील."

आमचे हे म्हणाले, "काल तर तू..." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं.

अक्का कप खाली ठेवून लगेच जवळ आल्या. "मंग तर मला थांबायलाच पायजे. तुम्हा दोघींचं कोण बघंल?"

"मला राखण कशाला हवीय? मी काय बाळंतीण आहे?" मी जोरात बोलले. जोरात बोलल्याशिवाय त्या गेल्याच नसत्या. "बूट घाला आणि निघा. परवान्यावरचं माझं नाव बदलायला सांग रे शेखर."

अक्का ओसरीवर गेल्या, खाली बसल्या आणि बुटांच्या नाड्या बांधू लागल्या. दोन गाठी, घट्ट, द्राक्षाची काडी तारेला बांधतात तशा. शेखर तोंड फिरवून नदीकडे बघत उभा होता.

ते गेले आणि दहा मिनिटांत मला पश्चात्ताप झाला. आकाश लख्ख निळं होतं. पहिल्या पार्कासारखं धुकं असतं तर निदान समाधान वाटलं असतं; असा नीच विचारही मनात येऊन गेला. मी आत्याबाईंना पेज दिली ती भांडं आपटूनच.

पेज संपवून त्या म्हणाल्या, "गुडघा कोणता गं तुझा?"

"उजवा."

"सकाळी डावा धरला व्हता."

आत्याबाईंनी गोधडी जरा बाजूला केली, म्हणजे बस असा अर्थ. मी बसले.

"चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "मीच तिला पहिल्यांदा थांबवली. लग्नाला सहा म्हैनं झाले व्हते. सगळी गेलो वणीच्या जत्रेला. गाय व्यायला झालेली, मंग मी म्हणले, मैना थांबंल. नवी नवरी, ती काय बोलनार? दुसऱ्या खेपंला मी काय म्हणलेच नाय. ती आपणहून थांबली." त्यांनी गोधडी अंगावर ओढली. "सोपं पडलं आम्हाला."

त्यांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं होतं. मी ते माझ्या पदराने पुसलं. या बाईशी मी आयुष्यभर भांडत आले, आणि त्या दिवशी आम्ही दोघी एकाच अपराधाच्या धनी होतो. दुपारपर्यंत मी त्यांचे पाय चेपले. पाय चेपताना वेळ किती सावकाश जातो, ते मला ठाऊक नव्हतं.

चारच्या सुमारास मंडळी परतली. आधी आवाज आले, मग माणसं. सगळे एकदम बोलत होते. केवढी शिखरं, काकू, केवढा बर्फ, आणि ती तुमची हिमनदी, अगदी तुम्ही फळ्यावर काढता तशी. माझी मुलगी फोन पुढे करून फोटो दाखवायला लागली. मी बघत होते आणि वा वा म्हणत होते.

अक्का सर्वांत शेवटी आल्या. उन्हाने नाक लाल झालेलं, पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळलेला. त्यांनी बूट काढले, हातपाय धुतले आणि येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

मी विचारलं, "कसं होतं, अक्का? दमलात का? खूप गार होतं का?"

त्यांनी डोक्यावरचा पदर सोडला. मला वाटलं, चढण झेपली नसेल. मग त्यांनी हात लांब करून माझा गुडघा दाबून पाहिला. आधी एक, मग दुसरा. "दुखतो का?"

"आता बरा आहे."

"बरा हाय ना? मंग उद्या चल."

"कुठे?"

"वर. मी काय सांगणार नाय तुला. सांगायचं नसतं ते." त्यांनी मागे वळून हाक मारली. "शेखर, इकडं ये."

शेखर आला. हातात त्याचा तो कागद होताच.

"उद्याची गाडी थांबव. मास्तरीणबाईंना वर न्यायचंय."

"आई, उद्या सकाळी चंदीगडला निघायचंय. हॉटेल बुक आहे, बागा बघायच्यात, सगळं..."

"रेल्वे परवा रातच्याला हाय ना? मंग चंदीगड राहू दे. बागाच बघायच्या तर आपल्या काय थोड्या हायेत?" आजवर घरात कोणाला साधं 'हे कर' असं न म्हणालेली बाई पायरीवर बसून एका इंजिनिअरला हुकूम सोडत होती. "गाईडला निरोप दे, परवाना काढ. आत्याबाईंपाशी मी बसते. आनि हिनं बघितल्याबिगर मी काय इथून हलायची नाय."

भाऊ, म्हणजे अक्कांचे यजमान, गाडीवाल्याला उद्याचं सांगायला उठले. शेखरने हातातला कागद घडी करून खिशात टाकला आणि तो गाईडला शोधायला गेला.

"अक्का, राहू द्या हो," मी म्हणाले. "एवढं काय त्यात. तुम्ही पाहिलंत, मला पोचलं."

"नाय पोचत," त्या म्हणाल्या. माझा हात त्यांनी हातात घेतला होता. बागेतल्या छाटणीच्या कैचीने घट्टे पडलेला त्यांचा हात, अजून गारच होता. "मला वाटायचं पोचतं. एवढी वर्सं तुम्ही सांगायचे, मी ऐकायची, मला वाटायचं आपल्याला कळलं सगळं. आज वर जाऊन उभी ऱ्हायले तवा समजलं, मला कायच कळलं नव्हतं. आनि लगेच तुझी आठवण आली. ही बया खाली बसलीय, म्हणलं. तिला तर इतकी वर्सं ह्येच बघायचं व्हतं."

मी रडले. चारचौघांत, पायरीवर, नाक ओढत. अक्कांना वाटलं मी आनंदाने रडते आहे, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आनंद होताच. पण आम्ही एवढं जग पाहून आलो होतो, समुद्र पाहिले, वाळवंट पाहिलं, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी आमच्यापैकी एकालाही मैनाअक्कांची आठवण आली नव्हती. त्या आयुष्यात एकदाच वर गेल्या, आणि पहिली आठवण त्यांना खाली थांबलेल्या माणसाची आली.